तपासणी एका रुग्णाची, गरज साऱ्या वॉर्डाची

आयसीयूतल्या तीन रुग्णांचे ब्लड कल्चरचे, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आहेत असं समजा. तिघांच्याही रक्तात क्लेबसिएला न्यूमोनिए हा जीवाणू वाढला आहे. तिन्ही कागदांवर मेरोपेनेम आणि इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांसमोर रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असा शेरा आहे. प्रयोगशाळेत जाऊन प्लेट पाहिल्या तरी तेच चित्र दिसेल. औषधाच्या चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ उमटायला हवं ते नाही, जीवाणूंचा दुधट थर थेट चकतीच्या कडेला जाऊन भिडला आहे. राउंडवरचे डॉक्टर यावरून साहजिकच दोन गोष्टी मनाशी धरतील. वॉर्डात एक चिवट जीवाणू फिरतो आहे, आणि तिघांना एकच औषध द्यायला हवं. या दोन्ही गोष्टी चुकीच्या निघू शकतात.

पहिल्या रुग्णाच्या जीवाणूत एनडीएम हे जनुक असू शकतं. त्यापासून बनणारं एन्झाइम जस्ताच्या अणूंच्या मदतीनं काम करतं आणि पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम अशी एकाच कुळातल्या प्रतिजैविकांची जवळपास सगळी घराणी फोडून काढतं. दुसऱ्यात ऑक्सा-४८ असू शकतं. तेही एन्झाइमच, पण त्याची घडण निराळी, जस्ताशिवाय चालणारी. तिसऱ्यात कार्बापेनेम फोडणारं जनुक मुळात नसेलच. औषध पेशीत शिरतं ती आवरणातली छिद्रं, म्हणजे पोरिन, त्याच्यात उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे, बिघडलेली असतील, आणि जोडीला सेफॅलोस्पोरिन फोडणारं एखादं नेहमीचं एन्झाइम असेल. आत येणारं औषध आधीच थोडं, त्यातलंही काही फुटतं, म्हणून मेरोपेनेमला तो दाद देत नाही.

रिपोर्टवर तिघांचा शेरा सारखा, उपचार मात्र सारखे नाहीत. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे संयुक्त औषध (यातलं ॲव्हिबॅक्टम प्रतिजैविक फोडणारी एन्झाइम्स थोपवतं) दुसऱ्या रुग्णाला लागू पडण्याची चांगली शक्यता आहे, तिसऱ्यालाही बहुधा पडेल. पहिल्याला ते एकटं दिलं तर वाया जाईल, कारण ॲव्हिबॅक्टमला एनडीएम आवरत नाही. त्याच्यासाठी ॲझट्रिओनाम या प्रतिजैविकाची जोड लागते. एनडीएमला ॲझट्रिओनाम फोडता येत नाही, आणि ते फोडणारी जी इतर एन्झाइम्स अशा जीवाणूंत सहसा असतात त्यांना ॲव्हिबॅक्टम थोपवतं. हे सगळं त्या तीन कागदांवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि हा झाला फक्त उपचारांचा भाग. वॉर्डाच्या दृष्टीनं फरक याहून मोठा आहे. तिसऱ्या रुग्णातलं पोरिनचं उत्परिवर्तन त्या जीवाणूच्या वंशजांतच राहतं. पहिल्यातलं एनडीएम बहुतेक वेळा प्लाझमिडवर असतं, म्हणजे पेशीतल्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या एका लहानशा वर्तुळाकार डीएनएवर. ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेसुद्धा. आज क्लेबसिएलात असलेलं जनुक त्याच रुग्णाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये जाऊ शकतं, आणि तिथून पुढे आणखी कोणाकडे. पहिल्या रुग्णासाठी ताबडतोब वेगळी खोली, आजूबाजूच्या रुग्णांची तपासणी, खोलीतल्या सिंकपर्यंत पोचणारी स्वच्छता असं सगळं उभं करावं लागतं. तिसऱ्यासाठीही काळजी घ्यायचीच, पण धावपळीचा क्रम वेगळा लागतो.

मला जे म्हणायचं आहे ते असं. रुग्णालयात लागण करणाऱ्या जीवाणूंची जनुकं आणि उत्परिवर्तनं तपासणं हे आज बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या मर्जीवर सोडलेलं आहे. परवडलं तर करा, नाही तर कल्चरवर भागवा. ही मुळातली चूक आहे. ज्याचा नमुना तपासला जातो त्याला या तपासणीचा फायदा होतोच, पण त्याहून मोठा फायदा पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला होतो, ज्याला अजून संसर्ग झालेलाही नसतो. एकाच्या बिलात टाकून दुसऱ्याचं रक्षण करण्याची ही व्यवस्था चालणार नाही, चालत नाहीच. ही तपासणी रुग्णालयाची बांधिलकी व्हायला हवी, तिचा खर्च रुग्णालयानं आणि शासनानं उचलायला हवा, आणि तिचा निकाल रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जायला हवा.

प्रश्न केवढा आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे. दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनी किंवा त्यानंतर जो संसर्ग डोकं वर काढतो आणि दाखल होताना नव्हता, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार गंभीर आजारांसाठी दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि ज्यांना होतो त्यांतला सरासरी दहावा माणूस त्यातच दगावतो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे सगळे मृत्यू रुग्णालयात लागण झालेल्यांचे नाहीत. पण सगळ्यात हट्टी जीवाणू जिथे तयार होतात आणि जिथून पसरतात ती जागा व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि लघवीच्या नळीच्या आसपासचीच असते. तिथला माणूस आधीच अशक्त असतो, प्रतिजैविकं सतत चालू असतात आणि दिवसभरात अनेक हात त्याला लागतात.

फायदा पलीकडच्या खाटेवरच्याला होतो, हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथलं एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं क्लिनिकल सेंटर हे जगातल्या सर्वांत साधनसंपन्न रुग्णालयांपैकी एक. २०११ च्या जूनमध्ये तिथे एक रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून आली. तिच्या शरीरात केपीसी हे कार्बापेनेम फोडणारं जनुक असलेला क्लेबसिएला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला वेगळं ठेवलं, हातमोजे-गाऊनचे नियम काटेकोर पाळले. जुलैच्या मध्यात ती घरी गेली. तिच्या मुक्कामात दुसऱ्या कोणात तो जीवाणू सापडला नाही आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या नमुन्यात तो उगवला. मग आणखी एकाच्या, मग आणखी. अखेर १८ जणांना लागण झाली, ११ जण गेले, त्यांतले ६ मृत्यू थेट या संसर्गामुळे झाले असं ठरवण्यात आलं.

हा दुसरा रुग्ण पहिलीच्या खोलीजवळही नव्हता. मधल्या तीन आठवड्यांत कल्चरला काहीच दिसलं नव्हतं. तेव्हा हा बाहेरून आलेला वेगळा जीवाणू, की तोच? केपीसी असलेले क्लेबसिएला त्या काळात अमेरिकेत इतके पसरले होते आणि एकमेकांच्या इतके जवळचे होते, की जुन्या पद्धतींनी त्यांत फरक करणं अवघड होतं. संशोधकांनी प्रत्येक रुग्णाच्या जीवाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचला. या जीवाणूच्या जीनोममध्ये डीएनएची पन्नास लाखांहून जास्त अक्षरं असतात. त्यांतल्या मोजक्या जागी एक-एक अक्षर बदललेलं सापडलं. कोणाच्या जीवाणूत कोणता बदल आधी आला आणि कोणात तो पुढे दिसतो, एवढ्यावरून साखळी उभी राहिली. सगळं त्या पहिल्या रुग्णाकडूनच आलं होतं, आणि तेही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी, तिच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून. ज्या क्रमानं रुग्ण पॉझिटिव्ह आले त्या क्रमानं लागण झालीच नव्हती. मधले काही जण आतड्यात जीवाणू बाळगून होते आणि त्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता, काही नव्हतं. एका व्हेंटिलेटरवर स्वच्छता केल्यानंतरही तोच जीवाणू सापडला, सिंकच्या ड्रेनमध्येही सापडला.

त्या पहिल्या रुग्णाला या जनुकक्रमाचा काडीचाही उपयोग झाला नाही, ती केव्हाच घरी गेली होती. उपयोग झाला तो पुढे त्या इमारतीत दाखल होणाऱ्या प्रत्येकाला. आणि त्या इमारतीबाहेरच्या लोकांना या साथीची खबर लागली ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये, शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर. या उशिराकडे पुढे येतोच.

केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमधली गोष्ट लहान आहे, पण मला ती जास्त जवळची वाटते. २०११ मध्ये तिथल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू, वरचेवर सापडत होता. जनुकक्रम वाचल्यावर कळलं की जे सुटे सुटे वाटत होते त्यांतले बरेच एकाच साथीतले आहेत, आणि ती साथ बाळांच्या आयांपर्यंत आणि रुग्णालयाबाहेरही पोचली आहे. कक्ष घासूनपुसून स्वच्छ केला. शेवटच्या रुग्णानंतर ६४ दिवस काही नाही. मग पुन्हा एका बाळात एमआरएसए सापडला. साधी समजूत अशी की दोन महिने गेले, म्हणजे हा नवा असणार. जनुकक्रमानं सांगितलं की तोच आहे. याचा अर्थ तो कुठेतरी टिकून होता. मग कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एका कर्मचाऱ्याच्या अंगावर त्याच जातकुळीचा जीवाणू मिळाला. उपचार करून तो घालवण्यात आला. जनुकक्रम नसता तर प्रत्येक बाळाची लागण हा स्वतंत्र दैवदुर्विलास मानला गेला असता, आणि नाकात जीवाणू घेऊन प्रामाणिकपणे काम करणारी ती व्यक्ती पुढच्या बाळाला हात लावत राहिली असती.

जनुकं शोधणारं यंत्र आणलं की काम झालं, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. सध्या पीसीआर पॅनेलची, म्हणजे ठरावीक जनुकं एकाच वेळी शोधणाऱ्या चाचणीची, जी जाहिरात चालते तिच्यात हे फार सहज दडपलं जातं. ब्लड कल्चरची बाटली वाढ दाखवायला बहुतेकदा १२ ते २४ तास घेते, मग जीवाणू ओळखायला आणि कोणतं औषध चालतं हे पाहायला आणखी एक-दोन दिवस. म्हणजे एकूण साधारण दीड ते तीन दिवस. पॅनेल त्याच बाटलीतल्या थेंबावरून तासाभरात जीवाणूचं नाव आणि प्रतिरोधाची काही जनुकं सांगतं. ऐकायला हे निर्णायक वाटतं. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहाशेहून जास्त रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटलं होतं. पहिल्याला नेहमीची पद्धत, दुसऱ्याला तत्काळ पीसीआर आणि छापील टिपण, तिसऱ्याला पीसीआर आणि शिवाय निकाल आल्याबरोबर डॉक्टरांना फोन करून सल्ला देणारं प्रतिजैविक-पथक. गरजेपेक्षा जास्त दिलेली औषधं कमी करायला पहिल्या गटात ३४ तास लागले, दुसऱ्यात ३८ आणि तिसऱ्यात २१. यंत्र एकटं असताना या कामाला वेग आलाच नाही. मृत्यूचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच राहिलं, हेही सांगायला हवं. रात्री दोन वाजता आलेला निकाल सकाळी आठपर्यंत कोणी उघडणार नसेल, तर एका तासात निकाल देणारं यंत्र घेऊन उपयोग काय? प्रयोगशाळेतून फोन उचलून ‘बाटलीत एनडीएम आहे, मेरोपेनेमच्या भरवशावर राहू नका’ असं सांगणारा माणूस ही या साखळीतली सर्वांत मोलाची कडी आहे, आणि यंत्रखरेदीच्या निविदेत तिचा उल्लेखही नसतो.

दुसरी अडचण विज्ञानाची आहे आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलूच नये असं मला वाटतं. क्षयाच्या बाबतीत जनुकतपासणी इतकी यशस्वी झाली, की सगळ्याच जीवाणूंचं असंच होईल असा समज पसरला. जीनएक्सपर्ट ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० च्या डिसेंबरात मान्य केली. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला न जुमानणारा क्षय ती दोन तासांत सांगते. ते जमतं, कारण क्षयाचा जीवाणू प्लाझमिडवरून प्रतिरोध उसना घेत नाही. त्याचा प्रतिरोध स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांतूनच येतो, आणि रिफाम्पिसिनसाठीचे जवळपास ९५ टक्के बदल आरपीओबी या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात एकवटलेले असतात. शोधायची जागा ठाऊक आहे, आणि ती लहान आहे.

रुग्णालयातले जीवाणू असे सरळ नाहीत. स्यूडोमोनासचं घ्या. ओपीआरडी हे पोरिन बिघडलं की तो इमिपेनेमला दाद देईनासा होतो, आणि हे पोरिन बिघडवणारी उत्परिवर्तनं त्या जनुकात कुठेही, कितीही प्रकारे होऊ शकतात. ठरावीक जनुकं शोधणारं पॅनेल तिथे ‘काही आढळलं नाही’ म्हणेल आणि ते खरंच असेल, रुग्ण मात्र चुकीच्या औषधावर राहील. ॲसिनेटोबॅक्टर बाउमनीमध्ये उलटं होतं. ऑक्सा-५१ हे जनुक त्या जातीत जन्मजातच असतं, औषधाला दाद देणाऱ्या जीवाणूतही असतं. त्याच्या पुढे आयएसएबीए-१ नावाचा एक भटका डीएनए-तुकडा येऊन बसला की जनुक जोरात चालू होतं आणि कार्बापेनेम निष्प्रभ ठरू शकतात. नुसतं जनुक आहे की नाही हे पाहून इथे काहीच कळत नाही. एमआरएसएची ओळख वर्षानुवर्षं मेक-ए या जनुकावरून होत आली. २०११ मध्ये मेक-सी हा त्याचा वेगळा भाऊबंद सापडला. पीसीआर त्याला ओळखत नव्हता, प्लेटवरची सेफॉक्सिटिनची चकती मात्र त्याला पकडत होती.

आणि याच्या नेमकं उलटही घडतं, म्हणून कल्चरवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. ऑक्सा-४८ असलेले काही जीवाणू प्रयोगशाळेत मेरोपेनेमला जेमतेम दाद देताना दिसतात, रिपोर्टवर ‘चालेल’ असा शेरा पडतो आणि जनुक कोणाच्या नजरेत न येता वॉर्डभर फिरतं. केपीसीमध्ये एखाद्याच अमिनो आम्लाच्या बदलानं जीवाणू सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमला न जुमानणारा आणि त्याच वेळी मेरोपेनेमला पुन्हा दाद देणारा झाल्याची उदाहरणं आहेत. चकत्यांच्या भरवशावर राहणाऱ्याला वाटेल की संकट टळलं. म्हणून ‘कल्चर की जनुकं’ हा वादच मला मान्य नाही. प्लेट सांगते की जीवाणू काय करतो आहे, जनुकक्रम सांगतो की तो हे कशाच्या बळावर करतो आहे आणि कुठून आला आहे. पॅनेल घेतलं म्हणून कल्चरची माणसं कमी करणारं व्यवस्थापन रुग्णांच्या जिवाशी खेळतं.

एक धोका आणखी. जनुक सापडलं म्हणजे आजार आहे असं नव्हे. क्लॉस्ट्रिडिओइडेस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जीवाणूच्या विषाचं जनुक शौचाच्या नमुन्यात पीसीआरला सापडतं, पण जीवाणू विष तयार करतो आहे की नुसता वस्तीला आहे हे त्यावरून ठरत नाही. गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये एनडीएम सापडलेल्या, तापही नसलेल्या माणसाला घाबरून कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं प्रतिजैविक सुरू करणं हा तर अपराधच म्हणायला हवा. त्याच्यामुळे त्या माणसाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि आणखी प्रतिरोधक जीवाणूंना रान मोकळं मिळतं. वाहकाला, म्हणजे आजारी न पडता जीवाणू बाळगणाऱ्याला, काळजीपूर्वक वेगळं ठेवायचं असतं, औषध द्यायचं नसतं.

आता साथीची खबर बाहेर पडायला होणाऱ्या मघाच्या उशिराकडे. रुग्णालयं हे का लपवतात? बदनामीची भीती असते, खटल्याची असते, खाटा रिकाम्या राहण्याची असते. एनडीएमचं पहिल्यांदा वर्णन झालं ते २००९ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या २००८ मधल्या नमुन्यावरून. २०१० मध्ये त्याच्या प्रसाराबद्दलचा निबंध आला तेव्हा भारतात मोठा गदारोळ उठला, जीवाणूपेक्षा देशाच्या प्रतिमेवर आणि वैद्यकीय पर्यटनावर जास्त बोललं गेलं. पुढे २००६-०७ मध्ये भारतातल्या रुग्णालयांतून गोळा करून साठवलेले जीवाणू पुन्हा तपासले, तर एनडीएम तेव्हाही होतं. नाव मिळण्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं प्लाझमिडवरचं एमसीआर-१ हे जनुक चीनमधून २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि जुने साठे उघडल्यावर १९८० च्या दशकातल्या कोंबड्यांपासून घेतलेल्या जीवाणूंतही ते मिळालं. जनुकं शोधण्याआधीही होती, आपण पाहत नव्हतो एवढंच. त्या साठ्यांच्या कुप्या कोणीतरी जपून ठेवल्या म्हणून हे कळलं. आयसीयूतला प्रतिरोधक जीवाणू रिपोर्ट गेल्यावर फेकून देणारी प्रयोगशाळा स्वतःच्याच रुग्णालयाचा पुरावा नष्ट करत असते.

लपवण्यावरचा उपाय काय हे दोन देशांनी दाखवून दिलं आहे. इस्रायलमध्ये २००६ पासून केपीसीवाला क्लेबसिएला देशभर पसरला. स्थानिक उपाय अपुरे पडले. २००७ च्या मार्चमध्ये आरोग्य मंत्रालयानं सक्ती केली: प्रत्येक वाहकाची केंद्राला माहिती, वेगळी जागा, शक्य तिथे वेगळे कर्मचारी, आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहायला मंत्रालयाचं पथक थेट रुग्णालयात. एक लाख रुग्णदिवसांमागे महिन्याला ५५.५ नवे रुग्ण होते ते २००८ च्या मेपर्यंत ११.७ वर आले. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातल्या एमआरएसएची नोंद सक्तीची झाली, रुग्णालयवार आकडे जाहीर होऊ लागले, आणि पुढच्या दशकभरात या संसर्गाचं प्रमाण अगदी थोड्यावर आलं. यातलं काहीच जनुकक्रमाच्या यंत्रामुळे झालं नाही. ते झालं कारण लपवणं हा पर्यायच उरला नाही. जनुकांची माहिती याच मार्गानं गेली पाहिजे. आकडा सक्तीनं द्यावा लागावा, पण तो दिला म्हणून कोणाला शिक्षा होऊ नये. शिक्षा हवी ती न शोधल्याबद्दल आणि दडवल्याबद्दल. हा भेद कायद्यात लिहिला गेला नाही, तर प्रामाणिकपणे शोधणारं रुग्णालय बदनाम होईल आणि डोळे मिटून बसलेलं स्वच्छ म्हणून मिरवेल.

खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. प्रत्येक जीवाणूचा जनुकक्रम वाचावा असं माझं म्हणणं नाही. कार्बापेनेमला दाद न देणारा प्रत्येक जीवाणू मात्र तपासावा. त्यासाठी यंत्रही लागत नाही. केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ या पाच मुख्य घराण्यांची एन्झाइम्स प्लेटवरच्या वसाहतीवरून पंधरा मिनिटांत दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी जितकी सोपी, तितकंच त्यांचं वाचन सोपं. छोट्या रुग्णालयातली एकुलती एक तंत्रज्ञही ते करू शकते. जनुकक्रम वाचायचा तो एकाच वॉर्डात थोड्या दिवसांत दोन-तीन सारखे जीवाणू आले की, किंवा पट्टी आणि चकती यांचं जमत नसेल तेव्हा. तोही प्रत्येक रुग्णालयात नव्हे, विभागासाठीच्या एका प्रयोगशाळेत. तिथे डीएनएचे लांब तुकडे वाचणारं तंत्र असायला हवं, कारण लहान तुकड्यांवरून प्लाझमिड नीट जुळवता येत नाहीत. आणि रुग्णालयातल्या कित्येक साथी या एका जीवाणूच्या नसतात, एका प्लाझमिडच्या असतात. क्लेबसिएलातून एन्टेरोबॅक्टरमध्ये, तिथून सिट्रोबॅक्टरमध्ये. जीवाणूंची नावं वेगळी म्हणून तीन स्वतंत्र घटना मोजल्या जातात.

हा खर्च रुग्णाच्या बिलात नको, हे पुन्हा सांगतो. संसर्ग त्याला रुग्णालयात झाला. तो कसा झाला हे शोधण्याचे पैसे त्याच्याच घरच्यांकडून मागणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. शिवाय ते न्यायाचं सोडा, व्यवहाराचंही नाही. आधीच खचलेले नातेवाईक नको म्हणतील, आणि त्यांच्या नको म्हणण्यानं पुढच्या पाच रुग्णांचा धागा तुटेल.

शेवटी एक गोष्ट, जिला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, आणि तरीही जी बहुतेक ठिकाणी होत नाही. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना जे पत्र सोबत जातं त्यात रक्तदाब, औषधं, ऑपरेशनचा तपशील, सगळं असतं. त्याच्या आतड्यात एनडीएम असलेला क्लेबसिएला आहे हे नसतं. डिस्चार्ज कार्डवर फार तर ‘सेप्सिस, उपचारानंतर सुधारणा’ एवढंच येतं. वाहकपण काही महिने टिकू शकतं. तो माणूस चार महिन्यांनी हाड मोडून दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात दाखल होतो, सर्वसाधारण वॉर्डात, सामाईक स्वच्छतागृह वापरतो, आणि ना त्याला ठाऊक असतं ना तिथल्या नर्सला. बेथेस्डाच्या त्या रुग्णाबद्दल निदान हे आधी माहीत होतं. तेव्हा नियमात पहिली सुधारणा हीच हवी: प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर आणि प्रत्येक रेफर-पत्रावर एक ठळक चौकट, सापडलेला प्रतिरोधक जीवाणू, त्याचं जनुक, नमुना घेतल्याची तारीख, आणि हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची सही. चौकट रिकामी ठेवून रुग्ण पाठवला, तर पाठवणाऱ्या रुग्णालयाला जाब विचारता आला पाहिजे.